मास्तरांच्या हृदयातला चहाडखोर

मी बोलतोय एका बोटभर नळीतून. माझं नाव फार लांबलचक आहे. डॉक्टरांनी त्याची तीन अक्षरं करून टाकली आहेत. मी संप्रेरक, म्हणजे हृदयाने रक्तात सोडलेला निरोप्या. आणि खरं सांगायचं तर थोडासा चहाडखोर.

माझा जन्म एका शिंपीमास्तरांच्या हृदयात झाला. आजच, ते धापा टाकत दवाखान्याचा जिना चढत असताना. अंगात पाणी साचून हृदयाच्या भिंती ताणल्या, की आमची पिलावळ बाहेर पडते. निरोप एकच: "मूत्रपिंडांनो, मीठ-पाणी बाहेर काढा, मालकाचा जीव मेटाकुटीला आलाय!"

आयुष्य म्हणाल तर, वीस मिनिटांत आमच्यातले निम्मे गारद. काम करणाऱ्याला इथे कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. फुप्फुसांत शिरावं, तर तिथल्या पेशी टपूनच बसलेल्या. सापडला की गिळला. यकृतही त्यातलंच. आणि मूत्रपिंडांची तर कमालच! आमचा निरोप निमूट ऐकतात आणि वर आमच्यावरच कात्री चालवतात. त्यांच्याकडे एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, मास्तरांच्या कात्रीहून धारदार. माझी कितीतरी भावंडं तिथे चिंध्या होऊन पडली. आधी राग आला. पण जुने निरोपे रक्तात रेंगाळत राहिले, तर नव्याचं ऐकणार कोण?

मी मात्र वाचलो. कोपराजवळच्या शिरेतून जात होतो, एवढ्यात सुई आली आणि मी थेट नळीत.

"गोळी घेता ना रोज?" रक्त काढता काढता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! एक दिवस चुकत नाही," मास्तर म्हणाले.

खोटं! साफ खोटं! हृदयात जन्मलेल्याला मालकाची सगळी गुपितं ठाऊक असतात. लघवीची ती गोळी घेतली की सारखं मशीनवरून उठावं लागतं आणि हातातली शिवण बिघडते. म्हणून मास्तर तीन आठवडे गोळी बटणांच्या डब्यात टाकत होते. पांढऱ्या बटणांत पांढरी गोळी, कोण बघतंय? पाय सुजून चपलेत मावेनात, झोपायचं ते उशांना टेकून बसून, पण हट्ट म्हणजे हट्ट.

यंत्रात आमची मोजदाद झाली. आकडा बघून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "मास्तर, तुम्ही एक सांगताय आणि तुमचं हृदय दुसरंच सांगतंय."

मी नळीत खुदकन हसलो. आता घ्या!

तेवढ्यात सोबत आलेल्या मास्तरांच्या बायकोने पिशवीतून बटणांचा डबा काढला. दुकानात बटणं लावायचं काम तिचं. "काल एका बटणाला भोकंच सापडेनात," ती म्हणाली. "सुई रेटली, तर त्याचा भुगा झाला." तिने डबा टेबलावर उपडा केला. भुगा धरून एकवीस गोळ्या निघाल्या.

"अगं, कामं अंगावर होती..."

"कामं!" तिला रडूच फुटलं. "मला कापता येत नाही, शिवता येत नाही. जन्मभर तुम्ही शिवलेल्यालाच बटणं लावली मी. उद्या तुम्ही नसलात, तर कशाला लावू हो?"

माझं हसू तिथेच विरलं. मलाही फार वाईट वाटलं.

मास्तरांनी डॉक्टरीणबाईंपुढे हात पसरला. बाईंनी त्यावर नवी गोळी ठेवली. "पाणी दे," मास्तर बायकोला म्हणाले आणि तिच्यादेखत गोळी गिळली.

आता थोड्या वेळात ही नळी कचऱ्यात जाईल. तिकडे पाणी उतरेल, हृदयाचा ताण हलका होईल आणि आमची पिलावळ घटत जाईल. आपलाच वंश कमी व्हावा असं कुणाला वाटतं का? मला वाटतंय.

एवढंच ऐका, मास्तर. मशीनवरून उठावं लागलं तर उठा, दहादा उठा. शिवण वाकडी गेली, तर उसवून पुन्हा घालता येते.