कांताबाईंचा मसाला

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नागपूर महापालिकेच्या जनसंपर्क विभागात इतकी वर्षं काढली, तरी साहेबांच्या केबिनची बेल वाजली की अजून दचकते. अशा बाईला परदेशातल्या शहराशी 'भगिनी शहर' करार करायला निघालेल्या शिष्टमंडळात दुभाषी म्हणून पाठवू नये. पण बरं इंग्रजी आणि चालू पासपोर्ट या दोन्ही गोष्टी एकाच माणसाजवळ सापडेनात, म्हणून मला धाडलं. त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. आताशा नकाशात तो दिसला तरी मला घाम फुटतो.

आम्ही चौघं होतो. प्रमुख वामनराव, तेच माझे साहेब. त्यांना फोटोत मध्ये उभं राहायची इतकी सवय, की लिफ्टमध्येसुद्धा ते मध्येच उभे राहतात. नगरसेवक चंपतराव मूळचे सावनेरकडचे, भरभरून बोलणारे, इंग्रजीच्या नावाने शून्य. नागसेन पाणीपुरवठ्यातला तरुण इंजिनिअर. त्याला करारात रस नव्हता, तिथला जलशुद्धीकरण प्रकल्प बघायचा होता. आणि चौथी मी, वैदेही.

सोनेगाव विमानतळावरच गडबड झाली. यजमान महापौरांना भेट द्यायला नागपूरची खूण असलेल्या झिरो माईलच्या खांबाची दगडी प्रतिकृती घेतली होती. ती चंपतरावांच्या बॅगेत गेली आणि बॅगेचं वजन हाताबाहेर गेलं. मग चंपतरावांनी आतून मसाल्याच्या तीन पुड्या बाहेर काढल्या.

"करारावर सह्या करायच्या अन् लोकायले जेवू नाही घालायचं? हे काय नातं झालं वं ताई?" ते मला म्हणाले. "तिथं मी सोता सावजी रस्सा करतो. आमच्या घरच्या मंडळीनं, कांताबाईनं मसाला करून देला."

एक पुडी माझ्याकडे आली, एक नागसेनकडे आणि एक वामनरावांच्या बॅगेत. आत काय आहे, कोणीच विचारलं नाही. आपल्याकडे कोण विचारतं? शेजारीण लेकीसाठी बरणी देते, आणि आपण ती मुकाट्याने सातासमुद्रापार पोचवतो. विचारलं तर तिला वाईट वाटेल ना!

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ एक मोठा फलक होता. बंदी असलेल्या वस्तूंची चित्रं, खाली तिथल्या भाषेत आणि इंग्रजीत नावं. नागसेन सवयीने सगळं वाचत होता. वाचता वाचता तो थांबला.

"मॅडम, खसखशीवर बंदी आहे इथे. अमली पदार्थांत धरतात."

मी चंपतरावांना बाजूला घेतलं. "भाऊ, मसाल्यात काय काय आहे?"

"धने, दगडफूल, लवंग, कलमी, खोबरं..." ते कौतुकाने सांगू लागले. "अन् खसखस वेगळी बांधून देली हाये, आख्खी. वेळेवर वाटा लागते न. तिच्याबिगर रस्सा गाढा होते काय?"

म्हणजे आमच्या तिघांच्याही बॅगांत एकेक पुरचुंडी होती. मी वामनरावांकडे गेले. "साहेब, आपण आत्ताच काउंटरवर जाऊन सांगून टाकू. आपणहून सांगितलं तर फार तर टाकून देतील."

"काहून?" त्यांनी काचेपलीकडे बोट दाखवलं. यजमानांचे लोक फुलं घेऊन उभे होते, कॅमेरेही होते. "तिथं महापौर वाट पाहून राहिले अन् तुम्ही इथं मसाल्याची पंचाईत काढता? शोभा करता काय नागपूरची? चूपचाप चला."

आणि मी चूपचाप चालले. भीती दोन बाजूंनी असली की मी जवळच्या भीतीचं ऐकते.

माझी बॅग यंत्रातून बाहेर आली. वामनरावांचीही आली. नागसेनची मात्र तिथल्या बाईने उचलून टेबलावर ठेवली. एक अधिकारी आला. आवाज हळू, चेहऱ्यावर राग नाही, काहीच नाही. त्याने पुडी सोडली, आतली पुरचुंडी उघडली आणि ते बारीक दाणे पांढऱ्या ताटलीत ओतले. सगळीकडे मसाल्याचा वास सुटला, घरचा वास.

"बॅग तुम्हीच भरली?" त्याने विचारलं.

"हो," नागसेन म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

"इथे याला तुरुंग आहे. काही वर्षांचा."

"माहा हाये तो मसाला!" काही न समजताही चंपतराव पुढे झाले. "सांग वं ताई त्याले, पोराचा काही संबंध नाही." मी सांगितलं. अधिकाऱ्याने चंपतरावांची बॅग उघडायला लावली. आत धोतरात गुंडाळलेला दगडी खांब निघाला. मसाल्याचा कणही नाही. अधिकाऱ्याने मान हलवली. साहेबाला वाचवायला कनिष्ठ पुढे येतो, तसा इथे म्हातारा तरुणासाठी पुढे आलाय, असंच त्याला वाटलं असावं.

वामनराव माझ्या कानाशी आले. "त्याले सांगा, ज्यानं त्यानं आपापली बॅग भरली. शिष्टमंडळाचा संबंध नाही."

तेही मी सांगितलं. माझ्याच तोंडून, व्यवस्थित इंग्रजीत. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं आणि बाकीच्यांनी जायला हरकत नाही म्हणाला.

नागसेनला ते बाजूच्या काचेच्या खोलीत नेत होते. जाताना तो वळला. मला वाटलं, मदत मागेल. पण तो म्हणाला, "मॅडम, मेघाला तुम्ही फोन करू नका. मीच सांगीन." मेघा त्याची बायको. आत एका बाकावर तो बसला, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखा.

वामनराव फुलांच्या दिशेने निघाले होते. "चला मॅडम, वकील पाहू नंतर." चंपतराव जागचे हलत नव्हते. ते अधिकाऱ्यापुढे हात जोडून मराठीत विनवत होते, आणि तो माझ्याकडे बघत होता.

मसाला जेवणासाठी सगळ्यांत वाटून आणलाय, हे पटवायला एकच गोष्ट होती. ती माझ्या बॅगेत, कपड्यांखाली होती. बॅग यंत्रातून गेली होती. कोणी थांबवलं नव्हतं. दहा पावलांवर दार होतं, आणि दारापलीकडे माझं नेहमीचं आयुष्य. बाहेर जाऊन वकील बघणं हेच शहाणपणाचं आहे, असं मी स्वतःला समजावत होते आणि मला ते जवळजवळ पटलंही होतं. मला तुरुंगाची भयंकर भीती वाटत होती. पण तो पोरगा मेघाला फोनवर काय सांगेल, कुठून सुरुवात करेल, हे मनात आलं आणि ते मला सोसवेना.

मी बॅग टेबलावर ठेवली. चेन उघडताना दोनदा अडकली. पुडी काढून मी त्या ताटलीशेजारी ठेवली.

"ही तशीच आहे," मी म्हणाले. "आम्हाला वाटून दिली होती. तुमच्याच महापौरांच्या जेवणासाठी."

अधिकाऱ्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग चंपतरावांच्या रिकाम्या हातांकडे. "अशा एकूण किती?"

वामनराव दारातून झपाझप परत आले होते. चेहऱ्यावर हसू तसंच, फक्त ओठ हलत होते. "दोन सांगा मॅडम. दोनच. माझ्या बॅगेचं नाव काढू नका, नोकरी करायची आहे न?"

"ते काय म्हणाले?" अधिकाऱ्याने विचारलं.

आजवर वामनरावांच्या बोलण्याचे कोपरे घासूनच मी ते लोकांपुढे ठेवलं होतं. त्या वेळी मात्र घासायला हात उठेना. "ते म्हणाले, दोनच सांगा," मी इंग्रजीत म्हणाले. "तिसरी त्यांच्या बॅगेत आहे."

काचेपलीकडचे कॅमेरे खाली झाले. कोणीतरी वामनरावांच्या हातातून बॅग घेतली. मला त्या खोलीचं दार उघडून दिलं, मागून चंपतराव आले. पुढे काय होणार, मला माहीत नव्हतं.

नागसेनने वर पाहिलं. तो बाकावर थोडा सरकला आणि त्याने माझ्यासाठी जागा केली.