एकटीचं वजन

मी वजनकाटा बोलतोय. जनावरांच्या दवाखान्यातला, तोही कॉलेजच्या. मला अक्षर येत नाही, आकडे तेवढे येतात. पण आकड्यात मी कधी खोटं बोललो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातून आलो तो थेट इथल्या दारापाशी. लोकांनी चिखलाचे पाय दिले, जनावरं अंगावर मुतली. जनावरांचा राग नाही.

कुत्रं माझ्यावर एकटं स्थिर उभं राहत नाही. म्हणून शिकणाऱ्यांपैकी कोणीतरी त्याला उचलून उभं राहायचं, मग कुत्रं खाली ठेवून एकट्याने. मोठ्यातून लहान वजा केलं की कुत्र्याचं वजन. तिन्ही आकडे केसपेपरवर लिहायचे. त्यावर औषध ठरतं.

चौथ्या वर्षाची एक मुलगी होती. खिशात कायम चिमटा, म्हणून सगळे तिला चिमटीच म्हणत. आधी ती एकटी चौपन्न भरली. मग एक्कावन्न. मग अठ्ठेचाळीस. स्वतःच्याच हाताने लिहायची. वाचणारे शेवटचा आकडा वाचायचे, कुत्र्याचा.

"काय गं चिमटे, कुठलं डाएट? आम्हालाही सांग की," मैत्रीण म्हणाली.

"मेसचं जेवण. तूही बघ नीट निरखून, भूक मरते."

कसलं डाएट. कायमचं झोपवायचं, त्या शेवटच्या इंजेक्शनचं जनावरही आधी माझ्यावरच येतं. एका आठवड्यात तशी पाच आली, पाचही तिनेच धरली. पाचवं बारा किलोचं होतं. ते खाली ठेवून एकटीने उभं राहायचं, तर ती ठेवेचना.

"अगं आटप, रांग लागलीय," मागून कोणीतरी म्हणालं.

वरच्या मजल्यावर म्हणे मन मोकळं करायची खोली आहे. तिथे एक ताई बसतात, बुधवारी बारा ते दोन. चिमटीच्या तुकडीची ऑपरेशनची पाळी कधी? बुधवारी बारा ते दोन. वेळापत्रक लावणाऱ्याच्या अकलेला माझा दंडवत. तरी ती त्या वेळेची सुट्टी मागायला मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

"सुट्टी कशाला?"

"वर जायचं होतं... म्हणजे, दात दुखतोय सर."

"दात वर नाही, तोंडात असतो. रविवारी जा."

पुढे एकदा त्यांची नजर चुकून मधल्या आकड्यावर पडली.

"त्रेचाळीस? याच कुत्र्याच्या जुन्या कागदावर तू चौपन्न आहेस. हा काटा गेला कामातून."

चिमटीने कागद दुमडला. मग म्हणाली, "हो सर. काटाच बिघडलाय."

मेकॅनिक आला. वीस किलोचं वजन ठेवलं, मी वीस दाखवलं.

"म्हातारा ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"राहू दे, नव्याची ऑर्डर गेलीय," मोठे डॉक्टर म्हणाले.

झालं. मी मागच्या खोलीत, तुटक्या पिंजऱ्यांशेजारी.

नवा काटा बॅटरीचा, भारी हुशार. आधी चिमटीला उभी करतात, बटण दाबतात, तिचा शून्य होतो. मग कुत्रं हातात देतात. कुत्र्याचं वजन थेट समोर. तिचा आकडा आता कोणी लिहीत नाही, तीही नाही. दाराच्या फटीतून मला दिसते. एप्रनची दोरी कमरेला दोन वेढे घालून बांधते.

मला परत न्या, असं म्हणत नाही. माझं भंगार ठरलंय. चिमटीच्या घरचं कोणी हे ऐकेल, अशी आशाही नाही. पण तुमच्या घरातली कोणी जनावरांची डॉक्टर व्हायला गेली असेल, तर सुट्टीत आल्यावर तिच्या हातातलं सगळं खाली ठेवायला लावा आणि तिला एकटीला काट्यावर उभी करा. आकडा कमी आला तर काट्याला शिव्या घालू नका.