नवी कातडी

येडशीच्या थांब्यावर बस थांबली तशी राजनंदिनीने खिडकीतून डोकं बाहेर काढून दोन्ही बाजूंना पाहिलं. थांब्यावर कॉलेजच्या मुली होत्या, दुधाचे कॅन घेतलेला एक माणूस होता. सारजाबाई नव्हत्या.

"मास्तर, जरा थांबा की. एक मावशी यायच्यात," ती कंडक्टरला म्हणाली.

"काल पण तुम्ही हेच म्हणला होतात," कंडक्टर म्हणाला आणि त्याने घंटी मारली.

सारजाबाईंसाठी धरलेल्या जागेवर राजनंदिनीची पिशवी तशीच होती. चंद्रप्रभाबाईंनी ती उचलून मांडीवर घेतली आणि दांडीला धरून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला बसायची खूण केली.

"फोन लागला का?" त्यांनी विचारलं.

"सुनेनं उचलला. म्हणाली, आत्यांना बरं न्हाय. मी म्हणलं त्यांच्याकडं द्या, तर कटच केला. नंतर बंद."

पदर सावरताना चंद्रप्रभाबाईंचा डावा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. मग उजव्या हाताने त्यांनी पदर ओढून घेतला.

तिघींना एकाच आजाराने, छातीच्या कॅन्सरने, एका बसमध्ये आणलं होतं. चंद्रप्रभाबाई मूळच्या तुळजापूरच्या, नोकरी सगळी धाराशिवच्या शाळेत झालेली, निवृत्त होऊन चार वर्षं झालेल्या. राजनंदिनी तेरची. नवरा पुण्यात कंपनीत, लहान मुलगी आईपाशी ठेवून ती पहाटेच्या गाडीने धाराशिवला यायची. सारजाबाई तेरखेड्याच्या. फटाक्यांच्या शेडमध्ये कागदाच्या नळ्या वळण्यात त्यांची उमर गेली होती. त्या येडशीला येऊन थांबायच्या. तिघींचंही ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि आता बार्शीच्या दवाखान्यात रेडिएशन चालू होतं. दवाखान्यात सगळे त्याला शेक म्हणायचे, म्हणून त्याही शेकच म्हणायच्या.

पहिल्या आठवड्यात चंद्रप्रभाबाई कुणाशी बोलत नसत. कपडे बदलायच्या खोलीत त्या सगळ्यांत शेवटी जायच्या, म्हणजे आत कुणी नसेल. एकदा शेक घेऊन आल्यावर त्यांचा हात असा अवघडला की ब्लाउजची बाहीच चढेना. बाहेर नंबर पुकारला जात होता. पडद्याबाहेरून सारजाबाईंनी विचारलं, "येऊ का?" उत्तराची वाट न पाहता त्या आत आल्या आणि पाठीमागे उभ्या राहिल्या.

"म्या डोळे मिटलेत," त्या म्हणाल्या. "हात सैल सोडा."

मागून हात घालून चाचपडत त्यांनी बाही चढवली, बटणं लावली. एकही बटण चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या धोतराचा धुऊन मऊ झालेला तुकडा आणून चंद्रप्रभाबाईंच्या हातात दिला. काखेत ब्लाउज घासू नये म्हणून. पुढे राजनंदिनी येऊ लागली तेव्हा तिलाही एक दिला. त्या दिवसापासून येडशीला त्यांच्यासाठी जागा धरली जाऊ लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिघी भिंतीला तोंड करून उभ्या राहत आणि बोटं भिंतीवरून वर वर चालवत, हात मोकळा व्हावा म्हणून. कुणाचं बोट कुठल्या फरशीपर्यंत गेलं यावर सारजाबाई वाद घालायच्या आणि हसायच्या.

आज व्हरांड्यात दोघीच होत्या. शेक झाल्यावर सिस्टरने चंद्रप्रभाबाईंना थांबवलं.

"तुमच्या त्या तेरखेड्याच्या बाई आजपण नाहीत?"

"नाही आल्या."

"त्यांना सांगा, कातडी सोलली असेल तर डॉक्टरांना दाखवू. लागलं तर डॉक्टर स्वतः थांबवतील, मलम देतील. पण आपल्या मनानं बंद करायचं नाही. खंड पडला की झालेलं वाया जातं."

परतीच्या बसमध्ये पांगरी मागे पडल्यावर राजनंदिनी म्हणाली, "बाई, आपण येडशीलाच उतरायचं का?"

"मुलगी वाट बघत असेल ना तुझी?"

"आई हाय. आणि तुमच्याकडं?"

"यांना फोन करते," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून मोबाइल काढला.

येडशीहून काळीपिवळी जीप मिळाली. मागच्या बाकावर दोघी अंग चोरून बसल्या. प्रत्येक खड्ड्याला राजनंदिनी आपला हात चंद्रप्रभाबाईंच्या डाव्या बाजूला आडवा धरत होती, म्हणजे शेजारच्या माणसाचा कोपर लागू नये. तेरखेड्यात रस्त्याच्या दोन्ही कडेला फटाक्यांची दुकानं होती. एका दुकानदाराने घर दाखवलं.

सारजाबाईंचा मुलगा बलभीम दारात मोटरसायकल पुसत होता. त्याने दोघींना आत बोलावलं, खुर्च्या दिल्या, बायकोला पाणी आणायला सांगितलं. हे सगळं करताना त्याने नजर वर केली नाही.

सारजाबाई खाटेवर बसल्या होत्या. डावा हात अंगापासून दूर, उशीवर टेकवलेला. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि मग सुनेला म्हणाल्या, "निकिता, चहा टाक. साखर कमी, बाईंना चालत न्हाय."

"तुम्ही का येत नाही?" चंद्रप्रभाबाईंनी सरळच विचारलं.

उत्तर बलभीमने दिलं. "म्याच नगं म्हणलो. काखंतली कातडी काळी पडली, आन परवा सुटली. निकितानं बघितलं अन ती रडायलीच. मग म्या बी बघितलो."

"तसं शेकानं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सगळ्यांनाच कमीजास्त होतं, आणि भरून येतं," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. शाळेत नववीला विज्ञान शिकवायच्या त्याच आवाजात त्या बोलत होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं. किरण, पेशी, मरणाऱ्या आणि पुन्हा तयार होणाऱ्या. बलभीमने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमी शिकलेल्या. तुमचं खोटं न्हाय म्हणत मी," तो म्हणाला. "पण आमच्या गावात भाजलेलं माणूस आमी बघितलेलं हाय. माझी चुलती शेडात भाजली. आधी असंच काळं, मग असंच सुटलं. सोलापूरला न्हेली. वापस आणली ती झाकूनच. आईनंच तिला आंघोळ घातली शेवटची. आता आईचं अंग तसंच व्हायलंय अन म्या तिला रोज मोटरसायकलीवर बसवून तिथंच न्हेऊन सोडू?"

सारजाबाई साडीच्या काठाची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

"तुमचं काय म्हणणं आहे?" चंद्रप्रभाबाईंनी त्यांना विचारलं.

"म्या काय म्हणू? रात्री हात लावला की जाऊ आठवती," सारजाबाई म्हणाल्या. "मरायचं भ्याव न्हाय. तसं नगं."

बलभीम उठला. "म्या चहाचं बघतो," म्हणून तो बाहेर गेला. चहा निकिता करत होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

राजनंदिनीने चंद्रप्रभाबाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. तिचा शेक नुकताच सुरू झाला होता. तिच्या अंगावर शेकासाठी आखलेल्या शाईच्या रेघांशिवाय दाखवण्यासारखं काही नव्हतं. चंद्रप्रभाबाईंचा संपत आला होता. काखेकडचा शेक थांबवून आता फक्त ऑपरेशनच्या शिवणीवर देत होते.

बाहेर मोटरसायकल पुसल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. चंद्रप्रभाबाई उठल्या आणि त्यांनी बाहेरचं दार लोटून घेतलं. मग भिंतीकडे वळून त्यांनी ब्लाउजचं पहिलं बटण काढलं.

"बाई," राजनंदिनी म्हणाली.

"मदत कर. हात मागं जात नाही."

खोलीत एकच खिडकी होती. चंद्रप्रभाबाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. डावा हात त्यांनी चौकटीवर टेकवला आणि बोटं जमतील तितकी वर नेली. शेजारी भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. त्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

सारजाबाई खाटेवरून उतरल्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्या जवळ आल्या, वाकल्या, मग सुनेला हाक मारली. निकिता चहाचा चिमटा हातात घेऊनच आली, दारापाशी थबकली आणि सासूच्या मागे येऊन उभी राहिली.

"तुमचं बी फुटलं व्हतं?" सारजाबाईंनी विचारलं.

"फुटलं होतं. तुमच्यासारखंच. पाणी यायचं. कापड चिकटायचं."

"सांगितलं न्हाय कधी."

"नाही सांगितलं."

सारजाबाई पाहत होत्या. त्यांचा श्वास चंद्रप्रभाबाईंना दंडाला जाणवत होता.

"आता कसं आहे?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्हीच सांगा. मी पाहिलेलं नाही."

शेगडीवर चहा उतू गेल्याचा वास आला, पण निकिता हलली नाही.

"न्हाणीत दिसत नसंल व्हय?" सारजाबाईंनी हळू विचारलं.

"दिवा लावत नाही मी. ऑपरेशन झाल्यापासून. आरशावर टॉवेल असतो."

"मग मलम कोण लावतंय?"

"हे लावतात."

"काय म्हणतेत?"

"रोज म्हणतात, सुधारतंय. मला वाटतं, धीर द्यायला म्हणत असतील."

सारजाबाईंनी निकिताला बाजूला सरकवलं, म्हणजे उजेड येईल. मग एकेक करून सांगायला सुरुवात केली, बाजारातून आणलेला माल तपासून सांगावा तशी.

"खाली कडंनं काळं हाय. ते कोरडं झालंय, पापुद्रे निघायलेत. काखंत मधी लाल व्हतं वाटतं, आता गुलाबी हाय. नवी कातडी धरलीया. लेकराची असती तशी. पाणी कुठंच न्हाय." त्या थांबल्या. "शिवण पार इथवर हाय. सरळ हाय. लई काय भ्यायासारखं न्हाय, बाई. तुमचे मालक खरंच बोलतेत."

चंद्रप्रभाबाईंनी मान हलवली. कॅलेंडरवरची तारीख त्यांना आता वाचता येत नव्हती. राजनंदिनीने पुढे होऊन पदर त्यांच्या खांद्यावर टाकला आणि पाठीमागून बाही धरली.

"निकिता," सारजाबाई म्हणाल्या, "बघितलंस नीट?"

"व्हय, आत्या."

"मग त्याला जाऊन सांग, तू काय बघितलं ते. म्या सांगून ऐकायचा न्हाय."

निकिता बाहेर गेली. मोटरसायकल पुसणं थांबलं. बराच वेळ फक्त तिचाच आवाज येत होता, हळू, मधूनमधून अडखळत. मग चहा आला. बलभीम कपबशा घेऊन स्वतः आला आणि त्याने पहिली चंद्रप्रभाबाईंना दिली.

"उद्या डॉक्टरला दाखवतो आधी," तो म्हणाला. "त्यांनी थांबा म्हणलं तर थांबायचं. चालू ठेवा म्हणलं तर ठेवायचं."

"बरोबर आहे," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"येडशीपतुर म्याच सोडतो. तुमाला बी आता सोडतो, जीपीत नगं."

निघताना सारजाबाई दारापर्यंत आल्या. "खिडकीची जागा धरा," त्या राजनंदिनीला म्हणाल्या. "हात बाहेरच्या अंगाला ठेवता येतो."

धाराशिवला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. गोपाळकृष्णराव फाटकाशीच उभे होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी पोळ्या सोडून बाकी स्वयंपाक शिकून घेतला होता. आज वरण-भात झाकून ठेवलेला होता. चंद्रप्रभाबाईंनी जेवताना त्यांना तेरखेड्याचं सांगितलं. बलभीमच्या चुलतीचं सांगितलं. खिडकीपाशी काय झालं ते सांगितलं नाही.

"येतील म्हणतेस त्या उद्या?"

"येतील."

"चांगलं झालं."

जेवणं झाल्यावर त्या आतल्या खोलीत गेल्या. रोजच्यासारखे गोपाळकृष्णराव हात धुऊन, मलमाची ट्यूब घेऊन आले. रोज त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि खोलीतला दिवा बंद असायचा. स्वयंपाकघरातून येईल तेवढ्याच उजेडात त्यांची बोटं सावकाश फिरायची. मग ते म्हणायचे, सुधारतंय.

आज चंद्रप्रभाबाईंनी दिव्याचं बटण दाबलं.

ते दारातच थांबले.

"त्या बाई म्हणाल्या, नवी कातडी आली आहे," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "तुम्ही खरं सांगत होतात. मलाच वाटायचं, उगीच म्हणता. आज नीट सांगा, कुठं काय आहे ते. मी ऐकते."

गोपाळकृष्णरावांनी ट्यूबचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. ते एक पाऊल पुढे आले आणि तिथंच उभे राहिले. दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे बारीक झाले होते. चष्म्याशिवाय त्यांना पेपरातला मथळासुद्धा वाचता येत नसे.

"थांब," ते म्हणाले. "चष्मा घेऊन येतो."

चंद्रप्रभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत मलम लावताना त्यांच्या डोळ्यांवर चष्मा असायचा का, हे त्या आठवू लागल्या. भिंतीकडे तोंड असल्यामुळे त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेरच्या खोलीत खण उघडल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते आले. चष्मा लावलेला होता. काचा धोतराने पुसल्याने त्यांवर ओलसर डाग राहिले होते. ते स्टूल ओढून समोर बसले, बाजूला नाही.

"जरा उजेडाकडे वळ," ते म्हणाले.