बाराला पाच कमी

मी विधानसभेच्या भिंतीवरचं घड्याळ बोलतोय. राज्याचं नाव सांगत नाही, उगाच कशाला त्यांची अब्रू काढा? मका, डुकरं आणि भाषणं यांना आमच्याकडे तोटा नाही.

पंचवीस वर्षांत मी स्वतःहून एक मिनिट चुकलो नाही. माझ्याकडे सगळेच बघायचे, पण जेवायची सुट्टी कधी एवढ्यापुरतंच. बाकी वेळ तंबाखू चघळत, बाकावर पाय टाकून डुलक्या.

तेव्हा वॉशिंग्टनला जाणारा सिनेटर हे आमदारच निवडत. १९०७ साली त्यांनी सात आठवडे रोज मतं दिली आणि कुणीच निवडून आलं नाही. रेल्वेकंपनीचे लाडके हार्लन व्हिटकॉम यांना एकच मत कमी पडत होतं. शेवटच्या दिवशी दुपारी बाराला अधिवेशन संपणार, मग पुढच्या अधिवेशनापर्यंत, म्हणजे दोन वर्षं, जागा रिकामी. ते एक मत, एमिल ब्रँडवोल्ड, न्यूमोनियातून उठून आगगाडीने येत होता. गाडी व्हिटकॉमसाहेबांच्याच कंपनीची, त्यामुळे अर्थातच उशिरा.

बाराला पाच कमी असताना सभापतींनी दारवानाला हाक मारली. "मॅकगर्टी, शिडी आण. घड्याळ बंद कर."

"साहेब, छान चालतंय की ते!"

"म्हणूनच!"

भिंतीवर बारा वाजले नाहीत तर बारा वाजलेच नाहीत, असा त्यांचा रिवाज. दर अधिवेशनाला थोडा वेळ चोरायचेच, त्या दिवशी साडेतीन तास चोरले. भुकेने सगळे कासावीस, पण जेवायची सुट्टी बाराला, आणि बारा काही वाजेनात. मला मनापासून हसू येत होतं.

अखेर दोघांच्या खांद्यावर हात टाकून ब्रँडवोल्ड आला. आपल्या गावात तो घड्याळं दुरुस्त करायचा. मताच्या बदल्यात त्याच्या विधवा मुलीला पोस्टमास्तरची जागा द्यायचं व्हिटकॉमनी कबूल केलं होतं. त्याचं नाव पुकारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिशातलं घड्याळ काढलं.

"सभापतिमहाराज, साडेतीन झालेत."

"एमिल, भिंतीवर बघ रे बाबा!"

"तेच बघतोय. चांगलं चालतं घड्याळ बंद पाडलंय." त्याला खोकल्याची उबळ आली. "मी शब्द दिला होता तो बारापर्यंतचा. बारा वाजून गेले."

"अरे मूर्खा, मुलीचा तरी विचार कर!" व्हिटकॉम ओरडले.

"केला. म्हणून तर अंथरुणातून उठून आलो," असं म्हणून तो खाली बसला. त्याने मत दिलं नाही.

जागा रिकामी राहिली. दोन वर्षं त्या खुर्चीने एकही भाषण केलं नाही, राज्याचं भलंच झालं. पोस्टमास्तरची जागा मात्र दुसऱ्याला मिळाली आणि त्याची मुलगी लोकांचे कपडे शिवत राहिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

इतिवृत्तात त्यांनी लिहिलं, 'सभागृहातील घड्याळ नादुरुस्त असल्याने गोंधळ उडाला.' एवढ्या माणसांत नादुरुस्त कोण, तर मी! मला उतरवून तळघरात टाकलं. आता मोडक्या खुर्च्यांमध्ये, भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

कधी इकडे आलात तर मला किल्ली द्या, लंबकाला बोट लावा. मी लगेच चालायला लागेन. मग वर जाऊन ती ओळ तेवढी खोडा.