सायकलवरून पडलेली सून

शनिवारी सकाळी वैशाली नगरातल्या त्या घरात नेहमीचीच धांदल होती. सरलाबाई भाजी निवडत होत्या, त्यांचा मुलगा देवेंद्र अंगणात मोटारसायकल पुसत होता, आणि त्यांचे यजमान सुमंतराव आरशापुढे उभे राहून भाषणाची तालीम करत होते. एका कॉलेजात भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. मराठी मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर सहसा चुकत नसे. या वर्षीचा विषय होता, 'शहराचा रस्ता आधी कोणाचा?'

"रस्त्यावर जो सर्वांत दुबळा, त्याची सुरक्षितता ही शहराची पहिली कसोटी," सुमंतराव आरशाला सांगत होते. "म्हणून पहिला मान पायी चालणाऱ्याचा. मग सायकलचा. मग बसचा. आणि कार? कार सगळ्यांत शेवटी!"

तेवढ्यात सून सायकल काढताना दिसली, तशी त्यांनी हाक मारली.

"नीतू, तू सायकलनं शाळेत जाते हे मी उद्या बोलनार आहो. पयल्या रांगेत बसजो. लोकायले दिसलं पायजे."

"हाव, मामाजी," असं म्हणून नीतू निघाली. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची.

केवढा सुधारक सासरा, असं वाचकांना वाटलं असेल. मंडळातल्या लोकांनाही तसंच वाटे. सून सायकलवर दिसली की चार माणसं सुमंतरावांचं कौतुक करत. ती सायकलवर का होती, हे मात्र कोणी विचारलं नाही. आपल्याकडे कौतुक फुकट असतं आणि चौकशीला वेळ लागतो.

नीतूचे वडील केवलराम कुरुदला राहतात. भंडाऱ्याकडची शेती सोडून ते तरुणपणी पोलादाच्या प्लांटात कामाला लागले आणि तेव्हापासून सायकलनेच गेटवर जातात. त्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. पण मुलीसाठी स्थळ पाहायला निघाले तेव्हा त्यांची बायको बेबीताई म्हणाली, "सायकलवर गेले तं पोरीले कोन पुसन?" आपल्यात ही खोड जुनीच आहे. घरी असेल ते असो, सोयरिकीला जाताना गाडी हवी. केवलरामांनी शेजाऱ्याची पांढरी कार मागितली. सुमंतरावांनी खिडकीतून ती पाहिली आणि सहज विचारलं, "गाडी घरचीच का, व्याहीजी?" केवलरामांच्या तोंडून निघून गेलं, "हाव, घरचीच आहे."

त्या एका खोट्यावर लग्न ठरलं. "आमाले काई नोको. पोरगी अन् नारळ द्या," सुमंतराव म्हणाले होते. "तिले तुमी खुशीनं जे द्यान, ते तिचंच." हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं, आणि त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मांडवात हार घातलेली मोटारसायकल उभी राहिली. कार आली नाही. लग्नानंतर काही दिवसांनी ती कार शेजाऱ्याची होती हेही कळलं, आणि फसवणूक झाली म्हणून त्या घराने नीतूला शिक्षा सुरू केली. बापाची कार दारात येईपर्यंत हिला मोटारसायकलवर कोणी कुठे नेणार नाही, असं ठरलं. नीतूने माहेरची जुनी सायकल आणली. तिच्या सायकलमागची पर्यावरणाची काळजी ती एवढीच!

मग चापटा सुरू झाल्या. चापटांचे बुक्के झाले. पट्टा झाला. माहेरी फोन केला की केवलराम म्हणत, "जरा सबर कर, माय. मी बोलतो त्यायच्याशी." ते बोलायला आले की सासऱ्याच्या बैठकीत चहा पीत आणि न बोलताच परत जात. त्या खोट्याची लाज त्यांच्या मानेवर बसलेली होती. आणि ते परत गेले की रात्रीच्या जेवणाआधी नीतूला मार बसे.

शनिवारी दुपारी देवेंद्र बोरसीला मित्राच्या लग्नाला गेला. तिथे मांडवाच्या तोंडाशीच लाल फीत बांधलेली कोरी कार उभी होती. मित्र तिच्याजवळ उभे राहून फोटो काढत होते. एकाने देवेंद्रच्या पाठीत थाप मारली. "तेरे को क्या मिला था बे? फटफटी?" सगळे हसले. देवेंद्रही हसला. जेवण टाकून तो घरी आला तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं.

नीतू मागच्या अंगणात बसून सायकलमध्ये हवा भरत होती.

"अख्ख्या दुनियेले गाडी भेटते," तो दारातूनच म्हणाला, "अन् मले भेटली भिकारड्याची पोरगी."

"काय झालं? जेवून नाई आले का?"

त्याने तिच्या हातातला पंप हिसकावला. लोखंडी पंप होता. पहिला वार खांद्यावर बसला. ती उठायला गेली तर दुसरा पाठीवर, तिसरा मानेखाली. ती सायकलवर कोसळली, सायकल तिच्यासकट आडवी झाली. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. "सायकल पायजे का? सायकल? बाप सायकलवाला, पोरगी सायकलवाली! मेरी इज्जत का फालूदा कर दिया!" डोक्यावर येणारा वार अडवायला नीतूने डावा हात वर केला, आणि पंप त्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरात सरलाबाईंना ऐकू गेला. त्यांनी हातातली पळी ठेवली, खिडकी लावून घेतली आणि पुन्हा पळी उचलली.

बाजूच्या खोलीत सुमंतराव भाषणाचा शेवट जुळवत होते. नीतूची किंकाळी आली तसे ते उठून दारात आले. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. सून मातीत पडली होती, तिच्या ओठातून रक्त येत होतं, मुलाने पुन्हा पंप उगारला होता.

"देवेंद्र, हळू," ते म्हणाले. "आवाज बाहेर जाते."

एवढं बोलून ते आत गेले. मी ही गोष्ट लिहायला बसलो ती त्या एका शब्दामुळे. 'थांब' म्हणायला जेवढा श्वास लागतो, तेवढाच 'हळू' म्हणायला लागतो.

रविवारी सकाळी सरलाबाई तिला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेल्या. "सायकलवरून पडली जी," त्यांनीच सांगून टाकलं. डॉक्टरांनी नीतूच्या मानेवरचे काळेनिळे वळ पाहिले. सायकलवरून पडून मानेवर असे वळ येत नाहीत हे त्यांना कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी प्लास्टर घातलं, गोळ्या दिल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

संध्याकाळी मंडळाचं सभागृह भरलं. केवलराम बेबीताईंना सायकलच्या कॅरियरवर बसवून कुरुदहून आले होते. पायऱ्यांवर त्यांना गळ्यात हात अडकवलेली मुलगी दिसली. देवेंद्र तिच्या मागेच उभा होता.

"काय झालं वं माय?"

"पडली, बाबा. सायकलवरून."

केवलरामांनी तिच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं. पदर मानेभोवती घट्ट घेतला होता, तोही पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "उद्या बोलतो मी त्यायच्याशी," ते पुटपुटले.

"तुमी दर बारी उद्याच म्हनता," नीतू म्हणाली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

विरुद्ध बाजूने पीयूष नावाचा तरुण आधी बोलला. तो तयारीचा वक्ता नव्हता, पण मनातलं बोलला. "पायी चाला, सायकल चालवा, बसची वाट पाहा, हे सगळं मंचावर छान आहे. पण ज्याच्या दारात कार नाही त्याला या शहरात कोण विचारतं? सोयरीक जमवताना आधी काय पाहतात, पत्रिका की पार्किंग?" लोक हसले. हसणाऱ्यांत मुलींचे बाप कमी होते.

मग सुमंतराव उठले. त्या दिवशी त्यांचा आवाज चांगला लागला होता. रस्ता गाड्या नेण्यासाठी नसून माणसं नेण्यासाठी असतो, रुंद केलेला रस्ता पुन्हा गाड्यांनीच भरतो, बस वेळेवर आली तर गरिबाचा रोज बुडत नाही, हे त्यांनी पटवून दिलं. खोटं त्यात काही नव्हतं. प्रत्येक तत्त्व खरं होतं. शेवटी त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला.

"माझी सून रोज सायकलने जाते. काल ती पडली. हात मोडला! का मोडला? कारण या शहरात सायकलसाठी चार हात सुरक्षित जागा नाही. या मोडलेल्या हाताला जबाबदार कोण, हे मी तुम्हाला विचारतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष विष्णुजींना इतकं भरून आलं की ते माईकवर म्हणाले, "सूनबाईंनी वर यावं. दोन शब्द बोलावेत."

सुमंतरावांनी हसून मान डोलावली. काल नीतूचं हाड मोडलं होतं, आणि आज तेच हाड विकून सासरा टाळ्या घेत होता. वर जाऊन 'पडले' म्हटलं तर उद्या पुन्हा त्याच अंगणात जायचं, आणि कधीतरी डोकं अडवायला हात पुरणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ती उठली आणि माईकपुढे उभी राहिली.

"मी सायकलवरून पडली नाई," ती म्हणाली. "मले मारलं. माह्या नवऱ्यानं, हवा भरायच्या पंपानं. बाबानं कार देली नाई म्हनून."

तिने पदर मानेवरून खाली घेतला. पुढच्या रांगांना वळ दिसले.

"माईक बंद करा!" सुमंतराव ओरडले. देवेंद्र दोन उड्यांत मंचावर चढला आणि त्याने तिच्या तोंडावर सणसणीत थप्पड मारली. माईक चालूच होता. ती थप्पड सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत घुमली आणि बाहेर पायऱ्यांवर चपला सांभाळत बसलेल्या माणसालाही ऐकू गेली.

कोणी उठलं नाही. बायका पदर तोंडाला लावून बसल्या, पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. विष्णुजी म्हणाले, "अहो, हा घरचा मामला आहे. घरी बोला."

तेव्हा केवलराम उठले. ते मंचावर चढले. "ते गाडी माही नोती," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "शेजाऱ्याची मांगून आनली होती. मी खोटं बोललो. तुले मारायचं होतं तं मले मारतास बे! माह्या लेकीले कावून मारलं?" त्यांनी देवेंद्रची कॉलर धरली. देवेंद्रने त्यांना ढकललं. म्हातारा मंचावरून खाली पडला, कपाळ पायरीच्या काठावर फुटलं आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. बेबीताई किंचाळत धावल्या.

नीतूने माईक सोडला नाही. तिच्या दातांना रक्त लागलं होतं.

"मामाजी, सर्वांत दुबळा कोन, हे तुमाले चांगलं समजते," ती म्हणाली. "तो रस्त्यावर कायले पाह्यता? मी घरच्याच अंगनात पडली होती. तुमी दारात येऊन 'हळू' म्हनलं."

मग ती खाली उतरली. चांगल्या हाताने तिने वडिलांना उठवलं, बेबीताईंनी दुसऱ्या बाजूने धरलं, आणि तिघं बाहेर पडली. फाटकाशी केवलराम थांबले. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "घरी चाल, माय. उद्या पाहू."

"उद्या नाई, बाबा. आत्ता ठान्यात चाला. हे रक्त पुसू नका."

केवलरामांनी रुमाल पुन्हा खिशात ठेवला. ठाण्यात शिपायाने दवाखान्याची चिठ्ठी पाहून विचारलं, "सायकलवरून पडली असं दवाखान्यात लिहिलंय ना?" तेव्हा केवलराम टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "ते खोटं हाय साहेब. माहंबी एक खोटं हाय, तेबी सांगतो. दोन्ही लिवा." पोरीच्या बाजूने बाप त्या दिवशीच पहिल्यांदा बोलला होता.

देवेंद्रला अटक झाली, तो जामिनावर सुटला. खटला चालू आहे. समाजातली वडीलधारी माणसं कुरुदला दोनदा येऊन गेली. "मोठ्या मनानं घे, नांदायला जा," म्हणाली. नीतूने त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. तिचा हात थोडा वाकडाच जुळला. फळा पुसताना चालतो, बादली उचलवत नाही.

आणि मंडळाने काय केलं? थोडा वेळ चहासाठी सभा थांबवली, फरशीवरचं रक्त पुसून घेतलं आणि निकाल जाहीर केला. परीक्षकांचे गुण आधीच पडले होते म्हणे. पहिला नंबर सुमंतरावांचा! त्या सभागृहात शिकलेली माणसं होती, लेकी असलेली माणसं होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा कमी वाजवल्या, एवढंच.

पुढच्या महिन्यात दुर्गला सुमंतरावांचं याच विषयावर व्याख्यान ठेवलं आहे. तत्त्वं तीच असतील आणि ती खरीच असतील. वाचकहो, तुम्हीही जा, ऐका. फक्त टाळ्या वाजवायच्या आधी उभं राहून त्यांना एक विचारा, सुनेचा हात कसा मोडला? मग बाजूच्या खुर्चीतला माणूस तुमचा शर्ट ओढेल, 'घरचा मामला आहे, बसा' म्हणेल. बसू नका.