आबा इंदापूरच्या मैदानात

जोतीरामआबांचा चेहरा इतका सुजला होता, की पणदरे गावात समोरून येणारा माणूस क्षणभर थबकायचा. मान फुगलेली, गळ्यावर निळ्या शिरा तटतटलेल्या. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून ते खुर्चीत बसूनच डुलक्या काढत. त्यांची बायको जयवंता त्यांच्या पाठीला उशा लावून थकली होती.

छातीतल्या कॅन्सरच्या गाठीनं डोक्याकडून हृदयाकडं येणारी मोठी शीर दाबली होती. बारामतीच्या डॉक्टर आसावरी म्हणाल्या, "मांडीतल्या शिरेतून तार वर नेऊ आणि दबलेल्या जागी जाळीची नळी बसवू. गाठ जाणार नाही, मावशी. पण रक्ताला वाट मिळेल."

"रविवारी इंदापूरला नातीची कुस्ती हाय," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तितं जायचंय मला."

"आधी नळी तर बसू द्या," डॉक्टर हसल्या.

नळी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंता चहा घेऊन आली, तर आबा पाठीवर आडवे होऊन चक्क घोरत होते. सूज उतरायला लागली होती.

"अवो, उठा! नाक परत धारदार दिसाया लागलं की तुमचं!" ती हसता हसता रडायलाच लागली.

डॉक्टरांनी इंदापूरला जायला होकार दिला, पण रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवायची नाही आणि गर्दीत शिरायचं नाही, असं बजावलं. रविवारी दोघं इंदापूरच्या मैदानात कडेच्या खुर्च्यांवर बसली. नळीचं आणि हे दोघं आल्याचं नातीला, स्वरूपाला, काहीच ठाऊक नव्हतं. समोरची पोरगी दांडगी होती, तिनं स्वरूपाला दोनदा खाली घेतलं. आबा ताडकन उठले.

"स्वरूपे, पट काढ! पट!"

त्या आवाजासरशी स्वरूपा खाली वाकली, पाय धरला आणि पोरीला उचलून उताणं पाडलं. शिट्टी झाली. आयुष्यात कधी आखाड्याकडं न फिरकलेली जयवंता खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "चितपट! आमची पोर हाय ती!"

मातीनं माखलेली स्वरूपा धावत आली आणि मधेच थांबली. "आबा? तुमचं तोंड..."

"तोंड काय बघतीस? पाणी पी. फायनल हाय अजून."

"आणि तुमी खाली बसा," जयवंता म्हणाली, आणि आपली खुर्ची मात्र तिनं आखाड्याच्या आणखी जवळ ओढली.