काशीरामकाकाचं दूध

बैलांच्या शर्यती बंद झाल्या आणि नेऱ्याच्या काशीरामकाकाला करमेनासं झालं. त्याच्या शिवा नावाच्या बैलानं एकेकाळी पनवेल-उरणची मैदानं गाजवली होती. शिवा विकला गेला, गोठा ओस पडला आणि काकाची नजर पुतणीकडे वळली. मोनाली तेव्हा अठराची. जुन्या सायकलवर जिल्ह्याच्या रोड रेसमध्ये दुसरी आलेली. काकानं तिला कार्बनची रेसिंग सायकल घेऊन दिली आणि त्या दिवसापासून ती काकाची झाली. सायकल नव्हे, मोनाली.

म्हणजे काय, तर ती जिंकली की डोक्यावर गुलालाचं अख्खं पोतं. डोळ्यांत गुलाल, दातांत गुलाल. घरी पाहुणे आले की काका तिला ओटीवर बोलवायचा, पोटरीवर थाप मारायचा नि म्हणायचा, "दाबून बघ. दगड हाय दगड." आणि पाहुणे खरंच दाबून बघायचे, चहा पिता पिता. मोनालीला इतकी किळस यायची की ती मोरीत जाऊन साबणानं पाय घासायची. पण टायर, हेल्मेट, कोच, सगळं काकाच बघायचा. मग काय, पुढच्या पाहुण्यांसमोर पुन्हा उभी.

तीन वर्षं अशी गेली आणि तो रविवार आला. रोडपालीहून ऐंशी किलोमीटरची रेस. एका परदेशी टीमचा मॅनेजर गाडीतून मागे येणार होता. पहिल्या तिघींना टीमचा करार, म्हणजे सायकल चालवणं हीच नोकरी. मोनाली ह्या एका दिवसासाठी रोज पहाटे चारला उठत आली होती.

सुटायला पंधरा मिनिटं होती. काका गर्दीतून वाट काढत आला नि तिच्या हातात बाटली दिली. आत पिवळट, दाट काहीतरी. झाकणाला साय चिकटलेली.

"चढाला पी गो बाय."

तिनं वास घेतला. गोठा आणि दवाखाना एकत्र.

"काका, काय हाय यात?"

"शिवाला देत होतो तोच. अंडी, तूप, जराशी ब्रँडी, नि डॉक्टरची सुई असते ना, ती फोडून."

"गुरांच्या डॉक्टरची?"

"मग काय दातांच्या डॉक्टरची? घाबरतेस काय? अर्दी सकालच्या दुदात घातली व्हती. काय झाला तुना? मस्त तर हायस."

सकाळचं दूध कडू लागलं होतं. काकी समोर उभी होती म्हणून तिनं नाक दाबून संपवलं होतं. तेव्हापासून छातीत धडधडत होतं आणि येडी मोनाली समजत होती, रेसची भीती.

"पहिल्या तिघींची लघवी तपासतात, काका. सापडलं तर चार वर्षं बंदी."

"शिवाची कोनी तपासली कदी?"

"मी बैल नाय."

"बरं." काका जरा विचारात पडला, मग त्याचा चेहरा उजळला. "तुझे बहिनीची, भाविकाची दे ना. नववीत हाय, निर्मल पोर. मी डबा भरून आनतो घरशी."

तो अजिबात थट्टा करत नव्हता. हे तर सगळ्यात घाण होतं.

चौथी आली तर तपासणी नव्हती, पण करारही नव्हता. मोनाली सायकल ढकलत पंचांच्या टेबलाशी गेली आणि नाव मागे घेते म्हणाली. टेबलामागच्या दमयंती मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं नि कागद पुढे केला. "कारण लिही."

"पाय मुरगलला, लिव," मागून आलेला काका कुजबुजला. एवढ्यावर थांबला नाही. गाववाले बघत होते ना. खाली बसून तो आपला तंबाखूच्या वासाचा रुमाल तिच्या धडधाकट पायाला गुंडाळायला लागला.

तिनं पाय झटकला आणि लिहिलं: सकाळी मला न सांगता दुधातून गुरांचं इंजेक्शन पाजलं.

"कोणी?" मॅडमनी विचारलं.

"अगो, घरचा मानूस हाय मी," काका खालूनच म्हणाला. "गावात तोंड कसा दाखवू? पुढचे टायमाला नाय घालनार. चल घरा."

शिट्टी वाजली. चाळीस सायकली सरसरत निघून गेल्या, मागून मॅनेजरची गाडी. मोनालीनं त्या दिशेला पाहिलं नाही. तिनं लिहिलं: काशीराम दाजी म्हात्रे, मुक्काम नेरे, तालुका पनवेल. मग बाटलीचं झाकण घट्ट केलं, बाटली कागदाशेजारी ठेवली आणि चिकट हात जर्सीला पुसले.

"ही ठेवून घ्या," ती म्हणाली. "आणि माझी तपासणी आत्ताच करा."